लांबची उड्डाणं आणि मधले थांबे : इस्तंबूलमार्गे जाणं, सिंगापूरमार्गे येणं

सान फ्रान्सिस्कोला धाकट्या बहिणीकडे जायचं ठरलं तेव्हा आईची अट एकच होती, तिला एका दमात न्यायचं नाही. वय सत्तरीपार, गुडघे कुरकुरणारे. म्हणून कमीत कमी वेळात पोचवणारं विमान शोधलंच नाही. मधे चांगला लांब थांबा कुठे घेता येईल ते बघत बसले.

शहराचं नाव शेवटी पाहिलं, आधी घड्याळ पाहिलं. इस्तंबूल आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथून सान फ्रान्सिस्को उन्हाळ्यात आणखी दहा तास मागे. तिथून पश्चिमेकडेच निघून पॅसिफिक ओलांडला की सिंगापूर आणखी नऊ तास मागे, आणि सिंगापूरहून घर अडीच तास. अडीच, दहा, नऊ, अडीच, बेरीज बरोबर चोवीस. म्हणजे सतत पश्चिमेकडे जात पृथ्वीला एक फेरी. हे हट्टाने असंच केलं, कारण माणसाचं शरीरातलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्याला उशिरा झोपायला लावणं सोपं, लवकर झोपायला लावणं अवघड. पूर्वेकडे जाताना जेट लॅग जास्त छळतो तो यामुळे.

जातानाची आणि येतानाची, दोन्ही विमान कंपन्या एकाच संघातल्या (म्हणजे आपसात करार असलेल्या कंपन्यांच्या गटातल्या), त्यामुळे तिकीट एकच निघालं. हे जरूर बघा. एका तिकिटावर पहिलं विमान लटकलं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम असतं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर तो खर्च आणि मनस्ताप दोन्ही आपले.

पहिला दिवस : इस्तंबूल

पहाटेचं विमान, साधारण सात तास, आणि अकराच्या सुमारास इस्तंबूल. आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. (ही मदत प्रवासाच्या किमान ४८ तास आधी कळवायची असते, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.) "मी काय आजारी आहे का?" असा प्रश्न निघताना झाला होता. इस्तंबूलचा विमानतळ २०१८ मध्ये सुरू झाला आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये जुन्या विमानतळावरची सगळी नियमित प्रवासी वाहतूक तिथे हलली. तो इतका पसरलेला आहे की विमानाच्या दारापासून पासपोर्ट तपासणीपर्यंतच पाय बोलायला लागतात. खुर्ची ढकलणारा मुलगा आईला डावीकडची, उजवीकडची दुकानं दाखवत निघाला आणि मी मागून पळत होते. बाहेर आल्यावर आईचा निकाल लागला, "पुढच्या विमानाला पण सांगितलंयस ना?"

आमचा थांबा साधारण सव्वीस तासांचा होता. इथे एक नियम माहीत असलेला बरा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधला थांबा चोवीस तासांच्या आत असेल तर तो नुसता ट्रान्झिट धरला जातो आणि सामान बहुतेक वेळा थेट शेवटच्या मुक्कामाला जातं. चोवीसच्या वर गेलात की तो स्टॉपओव्हर होतो आणि बॅगा तुमच्या हातात येतात. आम्ही बॅगा विमानतळावरच्या सामानघरात ठेवल्या आणि एकेक लहान पिशवी घेऊन टॅक्सीने सिर्केजी भागातल्या हॉटेलवर गेलो. भाग मुद्दाम सपाट निवडला होता. गलाता टेकडीवरची हॉटेलं फोटोत सुंदर दिसतात, पण ती चढण गुडघ्यांना विचारून घ्यावी.

हातात एक दुपार आणि एक संध्याकाळ. माझ्या यादीत नऊ ठिकाणं होती, आईच्या यादीत बसायला जागा आणि वारा. अया सोफिया बाहेरूनच पाहिली. इ.स. ५३७ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत, आणि तिच्यासमोर उन्हात वळणं घेत गेलेली रांग. आई म्हणाली, "पंधराशे वर्षं उभी आहे ना, पुढच्या वेळेपर्यंत राहील." मग एमिनोन्यूच्या धक्क्यावर जाऊन कादिकोयची बोट पकडली.

या बोटीला मी इस्तंबूलमधली सगळ्यात उत्तम गोष्ट म्हणेन. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, लाकडी बाकं, आणि ट्रे घेऊन फिरणारा चहावाला. मधे निमुळत्या काचेच्या पेल्यातला लालभडक चहा, दूध नाही, बशीत साखरेचे दोन खडे. मे महिना अखेरीचा होता, पण बॉस्फरसवर वारा असा की शाल काढावी लागली. समोर एक म्हातारे गृहस्थ तीळ लावलेल्या गोल पावाचे तुकडे करून सीगल पक्ष्यांना भिरकावत होते. पक्षी ते हवेतच टिपायचे. त्यांनी उरलेला अर्धा पाव आईच्या हातात दिला. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. आईचा पहिला तुकडा पाण्यात पडला, दुसरा माझ्या डोक्यावर, तिसरा एका पक्ष्याने झेलला तेव्हा आजूबाजूच्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी हाताने दाखवलं, मागे युरोप, पुढे आशिया. आईने हिशेब केला, "म्हणजे सकाळी आशिया सोडला, दुपारी पुन्हा आशियात, आणि झोपायला युरोपात."

कादिकोयच्या बाजारात मसुराच्या डाळीचं गरम सूप लिंबू पिळून प्यायलं, ऑलिव्हचे वीसेक प्रकार चाखले, खुर्च्यांवर झोपलेल्या मांजरांना उठवायचं नाही हे बाकीच्यांकडे बघून शिकलो. परतीच्या बोटीत सूर्य अजून वर होता. तिथे त्या दिवसांत तो आठनंतर मावळतो. हे संध्याकाळचं ऊन मला हवंच होतं. पश्चिमेकडे जायचं असेल तेव्हा संध्याकाळचा उजेड शरीराच्या घड्याळाला मागे ढकलतो. दहाला झोपलो, म्हणजे घरचे साडेबारा, आणि दोघीही सकाळपर्यंत उठलो नाही.

रात्र काढायची नसेल तर टर्किश एअरलाइन्सची टूरइस्तंबूल नावाची सोय आहे. सहा ते चोवीस तासांचा थांबा असलेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांना विमानतळावरून फुकट शहर दाखवून आणतात, जेवणासकट. दिवसभरात वेगवेगळ्या वेळांच्या फेऱ्या असतात. मात्र देशात प्रवेश करायची परवानगी आपल्याकडे हवी, आणि ती पासपोर्टवर व हातातल्या इतर व्हिसांवर ठरते. तिकीट काढायच्या आधी तपासा.

दुसरा दिवस : न मावळणारा सूर्य

दुपारी दीडच्या सुमाराला उड्डाण, तेरा तासांहून थोडा जास्त प्रवास, आणि पोचायचं त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. आईची जागा आयलला, म्हणजे चालायच्या वाटेलगत, माझी वाटेच्या पलीकडे. आईच्या शेजारी तिशीतली एक मुलगी, आणि तिच्यापलीकडे खिडकीशी पट्टा लावून बसलेला एक चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखं पण बरंच मोठं वाद्य.

चेलोचं वेगळं तिकीट असतं हे मी ऐकून होते, बघत पहिल्यांदाच होते. सामानात टाकला तर फुटायची भीती, म्हणून वादक त्याच्यासाठी जागा विकत घेतात. त्याला खिडकीच मिळते, कारण आणीबाणीत तो कुणाच्या वाटेत यायला नको. हवाईसुंदरीने गंभीर चेहऱ्याने विचारलं, साहेब काही घेणार का. आई त्या क्षणापासून खुशीत.

चेलोच्या पेटीच्या आत त्या मुलीने एक ओली नळी ठेवली होती. लाकडाला चाळीस ते साठ टक्के आर्द्रता लागते, विमानात ती दहा-वीस टक्क्यांवर येते, लाकूड आकसून तडकू शकतं. "आणि तुम्ही?" तिने आईला विचारलं. आई बाथरूमला जावं लागू नये म्हणून सकाळपासून मोजून पाणी पीत होती. त्यानंतर तेरा तास त्या दोघींमध्ये करार झाला, चेलोवालीने बाटली पुढे केली की आईने दोन घोट घ्यायचे. माझं तीस वर्षांचं सांगणं एका वाद्याने पंधरा मिनिटांत पटवलं.

तिच्याकडून आणि माझ्या आधीच्या प्रवासांतून जमलेलं थोडं इथे लिहून ठेवते. केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या डोंगराइतका ठेवलेला असतो. नव्या बांधणीच्या ७८७ आणि ए३५० विमानांत तो कमी उंचीच्या बाजूला असतो, आणि डोकं जड होणं मला तरी तिथे कमी जाणवतं. त्या दाबाला पोटातला वायू पाव ते एक तृतीयांश फुगतो, म्हणून उड्डाणाआधी सोडा आणि कडधान्यं टाळलेली बरी. कोरडी हवा आणि आवाज यांमुळे जिभेला गोड-खारट कमी कळतं. विमानातलं जेवण बेचव लागण्यात स्वयंपाक्याचा दोष आपण समजतो त्याहून कमी असतो. टोमॅटोची चव मात्र टिकून राहते, तेव्हा टोमॅटो ज्यूस मागून बघा.

पायांचं जास्त गांभीर्याने घ्या. चार तासांहून लांब बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं. निरोगी माणसासाठी तो तरीही कमीच, सुमारे सहा हजारांत एक. पण आधी गुठळी झालेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, दिवस गेलेले असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. आईला डॉक्टरांनी कॉम्प्रेशन सॉक्स (पाय आवळून धरणारे मोजे) दिले होते. त्याशिवाय दर तासाला टाच खाली ठेवून चवडा उचलायचा, मग चवडा ठेवून टाच, वीस-पंचवीस वेळा. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं, एवढंच त्यामागे आहे. आई, चेलोवाली आणि मी, तिघींचे पाय एका तालात चालले होते. चेलो निवांत होता.

जागांबद्दल माझी मतं ठाम आहेत. पहिल्या रांगेत पाय लांब करता येतात, पण पर्स खाली ठेवता येत नाही, बहुतेक ठिकाणी हात ठेवायचा दांडा उचलता येत नाही आणि तान्ह्या बाळांचे पाळणे तिथेच लागतात. शेवटच्या रांगेची पाठ अनेकदा मागे झुकत नाही. पंखांजवळ हेलकावे कमी. गळ्यातली उशी मागून घालण्यापेक्षा फिरवून हनुवटीखाली आणा, मान पुढे पडायची थांबते. कमरेमागे गुंडाळलेली शाल तर हवीच. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे हेलकावे सुरू झाले की तपासायला कुणी उठवत नाही. आणि नुसत्या मोज्यांवर टॉयलेटला जाऊ नका. जमिनीवरचं ते पाणी पाणी नसतं.

जेवणानंतर खिडक्या बंद करून केबिनमध्ये रात्र केली. बाहेर लख्ख दुपार होती आणि ती संपणारच नव्हती. आम्ही सूर्याच्या मागोमाग पळत होतो, स्कँडिनेव्हियावरून वर, मग ग्रीनलंड, मग कॅनडाचा उत्तर भाग. नकाशावर ग्रीनलंड आल्यावर चेलोवालीने खिडकी हातभर उघडून आईला बोलावलं, पण मधे चेलो. शेवटी कर्मचाऱ्यांना विचारून आई मागच्या दाराच्या छोट्या गोल काचेशी जाऊन उभी राहिली. खाली बर्फाचं पठार, त्याच्या कडेला काळे कडे, आणि खाडीत विखुरलेले पांढरे तुकडे. एका तुकड्याची सावली पाण्यावर पडलेली दिसत होती. आई तिथे पंधरा-वीस मिनिटं होती. गुडघ्यांचं नाव काढलं नाही. एक कर्मचारीही तिच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली की या वाटेवर आकाश इतकं मोकळं क्वचित मिळतं.

त्या उड्डाणात झोप कमी घेतली, दोन तासांची एक डुलकी फक्त. संध्याकाळी पोचायचं तर रात्रीसाठी झोप शिल्लक ठेवायला हवी. सान फ्रान्सिस्कोला गार वारा आणि धुकं. बहिणीशी बोलता बोलता नऊपर्यंत कशाबशा जाग्या राहिलो.

तिथल्या मुक्कामाबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. जेट लॅगपुरतं सांगायचं तर पहिले चार दिवस पहाटे तीनला टक्क जाग यायची, पाचव्या दिवसापासून सरळ झालं. सकाळी उठल्यावर लगेच उन्हात जाण्याऐवजी दुपारनंतरचं फिरणं वाढवलं, त्याचा फायदा झाला.

परतीचा प्रवास : हरवलेला शनिवार

शुक्रवारी रात्री अकराला निघून रविवारी सकाळी साडेसहाला सिंगापूर. उड्डाण फक्त साडेसोळा तासांचं, अंतर साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास. शनिवार आंतरराष्ट्रीय वाररेषेवर खर्ची पडला. पश्चिमेकडे जाताना हप्त्याहप्त्याने जे तास मिळवले होते, ते तिथे एकदम परत केले.

जाताना सूर्य मावळला नव्हता, आता तो उगवेना. पॅसिफिकवरून रात्र आमच्याबरोबरच पश्चिमेला सरकत होती. जपानच्या जवळ आलो तेव्हा तिथे मध्यरात्र उलटत होती. इतका लांब अंधार एका दृष्टीने सोयीचा. विमानात बसताच घड्याळ सिंगापूरचं लावलं, तिथे दुपारचे दोन. शरीर मात्र झोप मागत होतं, तर त्याला पहिले तीन-चार तास दिले. मग मधले तास जागून, चालून, पुस्तक वाचून काढले आणि शेवटचे सहा तास, म्हणजे तिथली खरी रात्र, पुन्हा झोप. आईने शेवटची झोप उत्तम घेतली. माझ्या मागच्या सीटवरच्या मुलाने मला तशी घेऊ दिली नाही. कानात फोमचे बोळे होते, पण पाठीत बसणाऱ्या लाथांवर बोळे नसतात.

मधल्या जागरणात मागच्या पॅन्ट्रीपाशी नेहमीची मंडळी जमली होती. लांबच्या उड्डाणात तिथे एक कट्टा आपोआप तयार होतो. एक ट्रक चालवणारे गृहस्थ पाठीचे ताण काढायचे व्यायाम शिकवत होते. बसून कमावणारा माणूस आहे, म्हणाले, यात माझा हात कुणी धरणार नाही.

सिंगापूर : एक पूर्ण दिवस

उतरलो तेव्हा अंधारच होता. सिंगापूरला वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो. पुढचं विमान संध्याकाळचं. थांबा चोवीस तासांच्या आतला, त्यामुळे बॅगा थेट पुढे गेल्या. अशा वेळी हातातल्या पिशवीत कपड्यांचा एक जोड, औषधं आणि चपला हव्यातच. चांगी विमानतळावर ट्रान्झिट भागात पैसे भरून अंघोळीची सोय आहे. साडेसोळा तासांनंतरची ती अंघोळ चुकवू नका. आई बाहेर आली ती दहा वर्षांनी लहान होऊन.

बाहेर पडण्याबद्दल : येण्याच्या तीन दिवस आधीपासून आगमनाचं ऑनलाइन कार्ड भरता येतं, ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. भारतीय पासपोर्ट असेल, पुढचं तिकीट हातात असेल आणि अमेरिका, ब्रिटन, जपान अशा ठरावीक देशांपैकी एकाचा चालू व्हिसा असेल, तर ९६ तासांपर्यंत विनाव्हिसा थांबता येतं. त्याच्या बारीक अटी मात्र वाचून घ्या. साडेपाच ते चोवीस तासांचा थांबा असलेल्यांसाठी विमानतळाची मोफत शहरफेरीही आहे.

आम्हाला हवं होतं सकाळचं ऊन. मेट्रोत बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, तिकीट काढावं लागत नाही. एक्स्पोला गाडी बदलून डाउनटाउन लाइनने थेट बोटॅनिक गार्डन्स, तासाभरात. ही बाग १८५९ सालची, २०१५ पासून जागतिक वारसा, आणि पहाटे पाचला उघडते. रविवार असल्यामुळे हिरवळीवर सगळीकडे गटागटाने व्यायाम चाललेला. लाल पंखे घेतलेल्या वयस्कर बायकांच्या एका गटाच्या मागे आई हळूच जाऊन उभी राहिली. पाचव्या मिनिटाला शेवटच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून तिचा गुडघा हाताने थोडा बाहेर वळवला, आणि स्वतःचा पंखा तिच्या हातात दिला. पाऊण तास मी बाकावर. हवेत इतका ओलावा की विमानात सुकलेलं नाक-घसा आपोआप मोकळं झालं. मला त्या चेलोची आठवण आली, त्याला ही हवा फारच मानवली असती.

मग पाच डॉलरच्या नोटेवर छापलेलं टेंबुसूचं झाड बघून आलो. त्याची एक फांदी जमिनीला समांतर लांबच लांब गेलेली आहे. तिथून मॅक्सवेलच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत. अकराच्या आत पोचलो तरी टेबलं भरलेली, आणि रिकाम्या दिसणाऱ्या खुर्च्यांसमोर टिश्यू पेपरची पाकिटं. ती जागा राखलेली असते आणि त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. एका आजोबांनी सरकून आम्हाला टेबलाचा कोपरा दिला. मी चिकन राइस घेतला, आईने नूडल्स, आणि दोघींनी लिंबू पिळलेला उसाचा रस. आजोबा आईकडे बघून म्हणाले की लांबून आलेल्याने दुपारी झोपू नये, पाच वाजेपर्यंत चालत राहावं. ते बरोबरच होतं. पण दोनला असा पाऊस कोसळला की चालणं तिथेच संपलं.

उरलेला वेळ विमानतळालगतच्या ज्युएलमध्ये. २०१९ मध्ये उघडलेल्या या काचेच्या घुमटात छतातून ४० मीटर खाली पडणारा धबधबा आहे. बाहेर पाऊस, आत धबधबा, आणि मधे बाकावर बसलेली आई, "एवढं पाणी पाडतात कशाला?" म्हणणारी आणि उठायला तयार नसलेली. ज्युएल पासपोर्ट तपासणीच्या बाहेर आहे हे ध्यानात ठेवा. ट्रान्झिटमध्येच थांबलात तर ते बघता येत नाही. त्याऐवजी टर्मिनल ३ मधली फुलपाखरांची बाग आहे, तीही छान आहे. आणखी एक, आम्ही निघालो त्या टर्मिनलवर सुरक्षा तपासणी गेटपाशीच होते. बाटलीतलं पाणी तिथे ओतावं लागतं, म्हणून बाटली रिकामी न्या आणि तपासणीनंतर भरा.

शेवटचं उड्डाण त्यामानाने छोटं. जेवून मी चित्रपट लावला, आईने पट्टा पांघरुणावरून बांधला आणि उतरेपर्यंत उठली नाही. घरी पोचल्यावर तिची झोप तिसऱ्या दिवशी रुळावर आली, मला आठवडा लागला. आता बहीण म्हणतेय की पुढच्या वर्षी पूर्वेकडून या, तिकिटं स्वस्त आहेत. आईने तिला फोनवर शरीरातल्या घड्याळाबद्दल वीस मिनिटं ऐकवलं.